पाण्याच्या रेघेखालचं फ्लॉरेन्स

धरणाकाठी वाढलेल्या माणसाला एक खोड असते. परक्या गावात गेला की तो आधी तिथलं पाणी कुठवर चढतं ते बघतो. माझं गाव भाटघर धरणाच्या फुगवट्यावर, वेळवंडीच्या खोऱ्यात. आमच्याकडे डोंगराच्या अंगावर सगळीकडे एकाच उंचीवर पट्टा दिसतो. वर झाडोरा, खाली उघडी तांबडी माती. श्रावण-भाद्रपदात धरण भरलं की पट्टा बुडतो आणि खोरं एकदम फोटोतलं होतं. मे महिन्यात पाणी तळाला गेलं की जुन्या वाटा, पडक्या भिंती, बांध सगळं वर येतं. लहानपणापासून हे बघितल्यामुळे असेल, फ्लॉरेन्सला पोचल्यावर कॅथेड्रलच्या घुमटाच्या आधी माझं लक्ष गेलं ते भिंतींवरच्या छोट्या संगमरवरी पाट्यांकडे.

पाटीवर एक आडवी रेघ, आणि १९६६ सालच्या ४ नोव्हेंबरला आर्नो नदीचं पाणी इथवर आलं होतं, एवढाच मजकूर. पहिली पाटी दिसली ती डोक्याच्या पातळीवर होती. सांता क्रोचेच्या बाजूला जात गेलो तशा पाट्या वर चढत गेल्या. पुढे मान मागे टाकून बघावं लागलं. त्या भागात पाणी ६ मीटरच्या वर गेलं होतं. म्हणजे माणूस सोडाच, पहिल्या मजल्यावरचा पलंगसुद्धा बुडाला.

माझी पुतणी मिलानला नोकरी करते. मला सोबत म्हणून ती आगगाडीनं आली होती. तिनं उफ्फिझी आणि आकादेमिया ही संग्रहालयं, घुमट सगळ्यांची तिकिटं वेळा जुळवून काढून ठेवलेली. "काका, तुम्ही भिंती काय बघताय? पंधरा मिनिटांत आपली एंट्री आहे," असं तिला पुन्हापुन्हा म्हणावं लागलं. तिचंही बरोबरच होतं. उफ्फिझीच्या रांगेत आपली वेळ चुकली तर पुढचं सगळं गणित बसत नाही.

तरीही व्हिया सान रेमिज्यो नावाच्या बोळात मी तिला थांबवलंच. एका कोपऱ्यावर दोन पाट्या एकाखाली एक आहेत. वरची १९६६ ची. खालची १३३३ सालच्या पुराची, आणि तिच्यावर दगडात एक हात कोरलेला आहे. त्या हाताचं बोट पाण्याच्या रेघेकडे. दोन्ही पुरांची तारीख एकच, ४ नोव्हेंबर. १३३३ च्या पुरानं नदीवरचा जुना पूल वाहून नेला, म्हणून १३४५ मध्ये नवा बांधला. त्याच नव्या पुलाला आज सगळं जग पोंते वेक्यो म्हणून ओळखतं. पुण्यात १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ज्यांच्या घरात पाणी शिरलं, ती माणसं आजही बोलताना हात वर करून "इथवर" असं दाखवतात. पानशेत आमच्या शेजारच्याच तालुक्यातलं, वेल्ह्यातलं, आंबी नदीवरचं. आदल्या रात्री जवान वाळूची पोती रचत होते, तरी सकाळी धरण गेलं आणि त्या लोंढ्यानं खाली खडकवासलाही फुटलं. 'इथवर'चा तो हात फ्लॉरेन्सच्या कुणा पाथरवटानं सातशे वर्षांपूर्वी दगडात करून ठेवलाय. मी त्याचा फोटो काढला. पुतणीनं घड्याळ दाखवलं.

आर्नो एरवी अगदी गरीब दिसते. पात्रात मधे गवताची बेटं, काठावर गळ टाकून बसलेले म्हातारे, आणि संथ, पिवळट हिरवं पाणी. आमची नीरा उन्हाळ्यात भोरजवळ अशीच दिसते, आणि पावसाळ्यात तिच्या पुलावर उभं राहायला धाडस लागतं. १९६६ मध्ये दोन दिवस टस्कनीच्या डोंगरात ओतून पाऊस झाला. तेव्हा घरं गरम ठेवण्यासाठी लोकांनी तळघरांत काळं जळण तेल भरून ठेवलं होतं. टाक्या फुटल्या, तेल पाण्यावर तरंगलं, आणि पाणी उतरलं तेव्हा भिंतीभिंतींवर चिखलाबरोबर काळ्या तेलाचा पट्टा राहिला. पुरानं चित्रांचं जे नुकसान केलं त्यात या तेलाचा वाटा मोठा आहे. नुसतं पाणी असतं तर वाळवता आलं असतं.

सांता क्रोचे हे फ्रान्सिस्कन साधूंचं चर्च. मायकेलअँजेलो, गॅलिलिओ, मॅकियाव्हेली यांच्या समाध्या इथेच आहेत, त्यामुळे आत शिरल्यावर माणसं समाध्यांचे फोटो घेत पुढे सरकतात. मी सरळ आतल्या खोलीत गेलो, जिथे चिमाबुएचा क्रूस टांगलेला आहे. तेराव्या शतकाच्या शेवटाकडचं काम. माणसाच्या दुप्पट-अडीचपट उंचीच्या लाकडी क्रूसावर रंगवलेला येशू, देह किंचित धनुष्यासारखा वळलेला. इटलीच्या चित्रकलेत देवाला देहाचं वजन पहिल्यांदा इथे आलं असं जाणकार मानतात. पूर आला तेव्हा हा क्रूस चर्चला लागून असलेल्या जुन्या भोजनगृहात होता. लाकूड पाणी पिऊन फुगलं, वरचा रंग सुटला आणि चिखलात पडला. रंगाचा निम्म्याहून जास्त भाग गेला. पाणी उतरल्यावर साधू आणि कामगार चिखल चाळून रंगाचे कपचे गोळा करत होते असं सांगतात.

या क्रूसासमोर मी बराच वेळ काढला, आणि त्याचं कारण चित्रात जे उरलंय त्याच्याइतकंच जे गेलंय तेही आहे. दुरुस्त करणाऱ्यांपुढे प्रश्न होता की गेलेला भाग पुन्हा रंगवायचा का. रंगवला असता तर पर्यटक खूश झाला असता. नाही रंगवला तर पांढऱ्या ठिगळांमुळे नजर तिथेच अडकते. उम्बेर्तो बाल्दिनी आणि ऑर्नेला कासात्सा या दोघांनी तिसरीच वाट काढली. गेलेल्या जागी त्यांनी बारीक बारीक आडव्या-तिरक्या रेघांचं जाळं भरलं, पिवळ्या, तांबड्या, हिरव्या आणि काळ्या रंगाचं. लांबून बघितलं तर तो भाग उरलेल्या चित्राच्या सरासरी रंगाचा वाटतो आणि नजर ठेचकाळत नाही. चार पावलं पुढे गेलं की रेघा स्पष्ट दिसतात आणि इथे काही नाही, इथलं गेलं, हे लपून राहत नाही. येशूच्या चेहऱ्याचा मोठा भाग असाच आहे. डावा डोळा शोधायला मी पुढे झालो आणि जवळ जाईपर्यंत तिथे फक्त रेघाच राहिल्या. १९७६ मध्ये हे काम पूर्ण झालं. आता क्रूस उंचावर टांगलाय, पुराच्या रेघेच्या वर.

त्याच परिसरात वसारीचं 'शेवटचं भोजन' आहे. जोर्जो वसारी हा चित्रकार म्हणून मध्यम, पण चित्रकारांची चरित्रं लिहून त्यानं नाव अजरामर केलं, शिवाय उफ्फिझीची इमारतही त्याचीच. सहा मीटरहून लांब असं हे चित्र त्यानं १५४६ मध्ये लाकडी फळ्यांवर काढलं. पुरात ते १२ तासांहून जास्त वेळ पाण्याखाली होतं. बाहेर काढलं तेव्हा रंग पडू नये म्हणून त्यावर कागद डकवले आणि ते गोदामात ठेवलं. पुढची चाळीसेक वर्षं ते तसंच पडून होतं, कारण कागद काढले तर रंगही निघेल आणि नाही काढले तर करायचं काय, हे कुणालाच सुटत नव्हतं. शेवटी फ्लॉरेन्सच्याच दुरुस्ती संस्थेनं, ओपिफिचोनं, ते सोडवलं आणि पुराला ५० वर्षं झाली त्या २०१६ साली चित्र परत भिंतीवर आलं. ते ज्या सांगाड्यावर आहे त्याला दोर आणि कप्पी आहे. पुराचा इशारा आला की चित्र वर ओढून घ्यायचं. मला ते चित्र फारसं आवडलं नाही, त्यात माणसं जास्त आणि जेवण कमी आहे. कप्पी मात्र मी वाकून, बाजूनं, खालून अशी सगळीकडून पाहिली. आमच्याकडच्या विहिरीवरच्या रहाटाच्या गड्याला ती लगेच कळली असती.

पुराच्या दिवसांतली एक गोष्ट मला सगळ्यात आवडते ती शास्त्राच्या संग्रहालयातली. आज त्याला म्युझिओ गॅलिलिओ म्हणतात. इमारत अगदी नदीवर, उफ्फिझीला लागून. गॅलिलिओच्या स्वतःच्या दुर्बिणी तिथे आहेत, आणि काचेच्या कुपीत त्याचं मधलं बोटसुद्धा, जे बघून पुतणी म्हणाली, "काका, हे काय आणलंत बघायला!" पूर आला तेव्हा संग्रहालयाच्या संचालिका मारिया लुइसा बोनेल्ली इमारतीतच होत्या. खालचा मजला गेला. बाईंनी दुर्बिणी आणि उपकरणं उचलली आणि वरच्या मजल्याच्या बाहेरच्या अरुंद कंगोऱ्यावरून एकेक करत शेजारच्या उफ्फिझीत पोचवली. त्या कंगोऱ्याखाली गढूळ नदी. मी रस्त्यावर उभं राहून तो कंगोरा कोणता असेल याचा अंदाज घेत होतो. माझी तर गच्चीवरची टाकी बघायला जातानाही कंबर धरते.

उफ्फिझीबद्दल काय सांगायचं? गर्दी होती. बोत्तिचेल्लीच्या व्हीनसपुढे हात वर करून धरलेल्या मोबाइलांची एक भिंत होती आणि तिच्या फटीतून शिंपल्याचा कोपरा दिसला. लिओनार्दो, राफाएल, काराव्हाज्यो सगळे भेटले आणि सगळ्यांना घाईत नमस्कार केला. तिथे मला खिळवलं ते खोल्यांच्या बाहेरच्या लांबच लांब गॅलरीनं आणि ती उघडण्यामागच्या एका बाईनं. वसारीनं १५६० पासून मेदिची घराण्यासाठी ही इमारत बांधायला घेतली ती सरकारी कचेऱ्यांसाठी. वरच्या मजल्यावर पुढे घराण्याचा संग्रह ठेवला गेला. मेदिची आधी सावकार, मग नगराचे धनी, मग ग्रँड ड्यूक. तीनशे वर्षांत त्यांनी जे जमवलं त्याची शेवटची मालकीण आन्ना मारिया लुइसा. तिला मूलबाळ नव्हतं. राज्य लोरेनच्या घराण्याकडे जाणार हे ठरलेलं होतं. तेव्हा १७३७ मध्ये तिनं नव्या राज्यकर्त्यांशी करार केला. घराण्याची सगळी चित्रं, शिल्पं, पुस्तकं, जवाहीर राज्याला दिलं, आणि अट घातली की यातलं काहीही फ्लॉरेन्सच्या बाहेर जाता कामा नये. ते राज्याची शोभा म्हणून राहावं, लोकांना उपयोगी पडावं आणि परक्यांना बघायला ओढून आणावं, अशी कारणं त्या करारात लिहिलेली आहेत. अठराव्या शतकात ही बाई पर्यटनाचा हिशेब मांडत होती. ती १७४३ मध्ये गेली. १७६९ मध्ये उफ्फिझी लोकांना खुलं झालं.

माझ्या डोळ्यांसमोर भोरचा राजवाडा आला. पंतसचिवांचा, १८६९ सालचा, लाकडी खांबांचा, चौकामागून चौक असलेला. भोर संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं. वाडा आहे, भक्कम आहे, सिनेमावाले येऊन चित्रीकरण करतात, आणि आमच्याकडे लोकांना तो कुठल्या सिनेमात दिसला हे पाठ असतं. त्यात पूर्वी काय होतं हे विचारा. दोन म्हातारे दोन वेगळी उत्तरं देतील. संस्थानांचं सामान वाटण्यांत, लिलावांत, मुंबईच्या दुकानांत कसं गेलं याच्या कहाण्या महाराष्ट्रात घरोघर आहेत. अपवाद लगेच आठवतो तो औंधचा. भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. १९३८ मध्ये त्यांनी औंधला डोंगरावर संग्रहालय बांधलं आणि आयुष्यभर जमवलेलं त्यात ठेवलं. भारतीय चित्रांबरोबर युरोपातल्या कलाकृती आणि प्रतिकृतीही त्यात आहेत. हेन्री मूरचं आई-मुलाचं शिल्प साताऱ्याच्या दुष्काळी माळावर बघायला मिळतं, हे इटलीत कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. आन्ना मारिया लुइसाला औंधचा राजा नक्की आवडला असता. फक्त तिच्या शहराला रेल्वे, विमानतळ आणि शेकडो हॉटेलं लाभली, त्याच्या गावाला एसटी.

जेवणाचं थोडक्यात सांगतो, कारण घरी आल्यावर सगळ्यांनी तेच विचारलं. टस्कनीतला पाव बिनमिठाचा असतो. पहिल्या घासाला वाटतं आचारी विसरला. शिळ्या पावाचं आणि पालेभाजीचं घट्ट रिबोलिता नावाचं प्रकरण मिळतं ते शाकाहारी माणसाला तारून नेतं. कॉफी उभ्यानं प्यायली तर स्वस्त, बसून प्यायली तर खुर्चीचं भाडं वेगळं. आम्ही उभे राहिलो.

आकादेमियात दाविदचा पुतळा बघितला. १८७३ पर्यंत तो उघड्यावर चौकात उभा होता, मग ऊन-पावसापासून वाचवायला आत आणला. आता चौकात आहे ती प्रतिकृती. मायकेलअँजेलोला मिळालेला तो संगमरवर आधीच्या शिल्पकारांनी अर्धवट बिघडवून टाकलेला होता, चाळीसेक वर्षं पडून राहिलेला. एवढं माहीत असलं की पाच मीटरच्या त्या पोराकडे बघताना त्याच्या देखणेपणापेक्षा त्याच्या बारीक कंबरेचा विचार येतो, की दगड तेवढाच उरला होता का? पुतणी म्हणाली की मी सगळ्याचा हिशेब करतो. असेल.

घुमटाच्या मागे कॅथेड्रलचं संग्रहालय आहे. तिथे गर्दी कमी आणि माल अस्सल. बाप्तिस्मा-मंदिराचे गिबर्तीनं सत्तावीस वर्षं खपून केलेले सोनेरी दरवाजे आता इथे काचेआड आहेत. दरवाजांवर दहा मोठी चित्रफलकं. पुराच्या लोंढ्यानं दारं आपटून आपटून त्यातली पाच सुटून पडली होती. आता ती जागेवर आहेत. पण मी ज्यासाठी गेलो होतो ती दोनातेल्लोची मॅग्डालेन. पांढऱ्या पॉप्लरच्या लाकडात कोरलेली, तपानं झिजलेली म्हातारी. केस पायापर्यंत, तेच तिचं वस्त्र. दात पडलेले, गळ्याच्या शिरा ताठ, हात जोडायच्या बेतात पण तळवे एकमेकांना टेकलेले नाहीत, मधे बोटभर फट. पंढरीच्या वाटेवर असे हात मी पाहिलेत. पुरात हिच्या अंगावर तेलकट चिखल चढला. तो साफ करता करता वरचा जुना तपकिरी लेप निघाला आणि खालून मूळ रंग निघाले, त्वचेला त्वचेचा रंग आणि केसांत सोन्याच्या रेघा. शतकानुशतकं जी काळी लाकडी बाई म्हणून लोकांना माहीत होती तिच्या केसांत सोनं होतं, हे पुरामुळे कळलं. बसायला समोर बाक आहे. मी बसलो.

पुढे मला आमच्या कांबऱ्याच्या देवळाबद्दल पुतणीला सांगावंसं वाटलं. ती पुण्यात वाढली, तिनं ते पाहिलेलं नाही. भाटघरचं पहिलं धरण इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलं. मग त्याहून मोठी भिंत बांधली आणि १९२८ मध्ये ती लॉइड धरण म्हणून उभी राहिली. आता जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे. साडेतेवीस टीएमसीच्या आसपास पाणी त्यात मावतं, आणि ते नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे उसाला जातं. खोऱ्यातली गावं वर सरकली. देवळं सगळीच वर सरकली नाहीत. कांबऱ्याचं कांबरेश्वराचं शंकराचं देऊळ वर्षातला बहुतेक काळ पाण्याखाली असतं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की आधी शिखर, मग दगडी भिंती, मग गाभाऱ्याचं दार बाहेर येतं. गावकरी गाळ उपसतात, पिंड धुतात, बेल वाहतात. आजूबाजूची माणसं बघायला येतात. पहिला जोराचा पाऊस झाला की देव पुन्हा पाण्यात.

"म्हणजे काका, वर्षातून महिना-दीड महिना उघडं असणारं म्युझियम," पुतणी म्हणाली. तिला ते गंमत म्हणून म्हणायचं होतं. मला मात्र तिथे बाकावर बसून वाटलं की तिकीट नको, कप्पी नको, निदान त्या देवळाच्या दगडांची एक नोंद तरी आपण करायला हवी. कुठला दगड कुठे होता, शिखर किती ढासळलं, गेल्या उन्हाळ्यापेक्षा या उन्हाळ्यात काय गेलं. दरवर्षी आम्ही फोटो काढतो ते स्वतःचे, मागे देऊळ.

सान मार्कोच्या मठात पाण्याचा विचार मी जरा बाजूला ठेवला. पंधराव्या शतकात तिथे फ्रा अँजेलिको नावाचा साधू राहायचा. त्यानं आणि त्याच्या मदतनिसांनी वरच्या मजल्यावरच्या प्रत्येक खोलीत ओल्या चुन्यावर एकेक चित्र काढलं. खोली म्हणजे पलंग आणि खिडकी मावेल एवढी. चित्र एका माणसासाठी, त्यानं त्याच्याकडे बघत आयुष्य काढावं म्हणून. जिना चढून वर आलं की समोर देवदूत मेरीला निरोप सांगतोय, पंख मोरपिशी. चढताना शेवटच्या पायऱ्यांवर ते थोडं थोडं दिसत वर येतं. खालच्या मजल्यावरून कुणी तरी पायऱ्या मोजूनच ती जागा ठरवली असणार. इथे पुतणीनं घड्याळ दाखवलं नाही. ती एका खोलीच्या चौकटीला टेकून उभी होती आणि मीच म्हणालो, चल.

शेवटच्या दुपारी काशिने पार्कला गेलो. शहराच्या पश्चिमेला आर्नोच्या कडेनं तो लांबट पार्क आहे, सायकली, धावणारी माणसं, कुत्री. तो जिथे संपतो तिथे मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते, आणि त्या संगमावर एक भारतीय घडणीची छत्री आहे. छत्रीत पगडी घातलेल्या तरुणाचा अर्धपुतळा. हे कोल्हापूरचे दुसरे राजाराम महाराज. १८६६ मध्ये गादीवर आले, १८७० मध्ये इंग्लंडला गेले, राणी व्हिक्टोरियाला भेटले, शाळा-इस्पितळं-कारखाने बघितले, रोजनिशी लिहिली. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला गेले. वय अवघं वीस. तेव्हा फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होतं. प्रेत जाळायची तिथे रीत नव्हती, खास परवानगी काढावी लागली, आणि गावाबाहेर दोन नद्यांच्या संगमावर रात्री दहन झालं. संगम हवा हे बरोबरच्या मंडळींनी परमुलखातही सोडलं नाही. त्यांची रोजनिशी पुढे एका इंग्रज अधिकाऱ्यानं संपादित करून छापली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजला याच महाराजांचं नाव आहे.

छत्री १८७४ ची, आराखडा चार्ल्स मँटचा. मँटनंच कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि टाउन हॉल बांधले. त्या टाउन हॉलमध्ये आता संग्रहालय आहे आणि त्यात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती आहे, दोन हजार वर्षांपूर्वी रोमन जगातून पंचगंगेकाठी आलेली. मँटच्या एका इमारतीत पाण्याचा परका देव कोल्हापुरात, दुसऱ्या इमारतीत कोल्हापूरचा राजा परक्या नदीवर. पलीकडून जाणाऱ्या मोठ्या पुलालाही फ्लॉरेन्सकरांनी याच राजाच्या खुणेनं 'इंदियानो'चा पूल म्हटलंय. १९७८ चा तो पूल, लोखंडी दोरांवर तोललेला. त्यावरून ट्रक जात होते.

छत्रीजवळच्या बाकावर एक आजोबा कुत्र्याला घेऊन बसले होते. आम्ही पुतळ्यापुढे हात जोडले ते पाहून त्यांनी विचारलं, ओळखीचे का? पुतणीनं तिच्या मिलानी इटालियनमध्ये सांगितलं की आमच्या मुलखातले राजे. मग त्यांनी कुठून आलात विचारलं आणि तिनं माझ्याकडे बोट दाखवत सांगितलं की यांचं गाव एका मोठ्या धरणावर आहे. धरण म्हटल्यावर आजोबा सावरून बसले. १९६६ मध्ये ते शाळेत होते, सांता क्रोचेच्या बाजूला राहायचे. वर लेवाने आणि ला पेन्ना अशी दोन धरणं आहेत, त्यांतून त्या रात्री पाणी सोडलं म्हणून पूर चढला की नाही, यावर तिथे वर्षानुवर्षं वाद झाला. आजोबांच्या मनात तो वाद मिटलेला दिसला नाही.

"तुमच्याकडे दरवाजे कोण उघडतं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, धरण भरलं की आमचे बरेचसे दरवाजे आपोआप उघडतात, शंभर वर्षं होत आली. त्यांनी कुत्र्याकडे बघून मान हलवली, पटलं नाही अशी.

"आणि सोडायच्या आधी खालच्या लोकांना सांगतात?"

भोंगा वाजतो, नीरेकाठच्या गावांना सांगावा जातो, जनावरं आणि मोटारी काढून घ्या म्हणून, असं मी म्हटलं. पुतणीला 'पाण्याच्या मोटारी' समजावायला जरा वेळ लागला.

"आम्हाला कुणी सांगितलं नाही," आजोबा म्हणाले. "पुलावरच्या सोनारांना मात्र रात्रीच फोन गेला होता."

पुढे वाचल्यावर कळलं की तसंच झालं होतं. पोंते वेक्योवर राखण करणाऱ्यानं मध्यरात्रीनंतर सोनारांना उठवलं, ते पिशव्या घेऊन धावत आले आणि जमेल तेवढं सोनं काढून घेऊन गेले. बाकीचं शहर झोपलेलं होतं.

आजोबांनी आपल्या घराच्या जिन्याची कितवी पायरी बुडाली होती ते सांगायला सुरुवात केली. पुतणीनं बसची वेळ बघितली, मोबाइल खिशात टाकला आणि त्यांच्या शेजारी बसली.